‘सेफ कूलंट कोणता?’ हा संशोधनाचा प्रश्न का नाही आणि तो तसा कसा करायचा



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पीएचडीच्या प्रवेशासाठी रिसर्च प्रपोजल लिहिताय. वाचायला आलेल्या बहुतेक प्रपोजलमध्ये एक शब्द हटकून असतो. ‘सेफ’, ‘इफेक्टिव्ह’, ‘ऑप्टिमम’, यांपैकी कुठला तरी. ऐकायला छान, पण मोजायला गेलात की हातात काही लागत नाही. आज असाच एक ‘सेफ’ आपण सोलून बघू. विषय अगदी गॅरेजमधला आहे: जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये कोणता कूलंट टाकावा?

माझं पीएचडीचं काम गंजरोधकांवर, म्हणजे इन्हिबिटरवर आहे. गाड्यांवर नाही, कारखान्यांतल्या थंड पाण्याच्या पाइपांवर. पण ‘गंज’ हा शब्द थीसिसच्या नावात असला की ओळखीतले लोक गाडीचे प्रश्न विचारतातच. गाइडच्या परिचयातले एक गृहस्थ आहेत. वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी त्यांनी अजून चालती ठेवलीय. एका मिस्त्रीने सांगितलं, ‘हिरवाच टाका, लाल टाकलात तर रेडिएटर गेला.’ दुसरा म्हणाला, ‘साहेब, या गाडीला साधं पाणीच बरं.’ रेडिएटर मूळचा, तांब्या-पितळेचा. तसा परत मिळणं मुश्कील. म्हणजे चुकीच्या उत्तराची किंमत त्यांना खरोखर मोजावी लागणार होती. त्यांना एका वाक्यात उत्तर हवं होतं. ते वाक्य ठरवायला काय काय तपासावं लागतं, ते सांगतो.

आधी कूलंट म्हणजे काय ते पटकन. पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि थोडेसे इन्हिबिटर. उष्णता वाहून न्यायला पाण्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. ग्लायकॉल मिसळलं की ती क्षमता उलट थोडी कमीच होते. मग मिसळायचं कशाला? थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे नाशिक-निफाडची थंडी धरली तरी याचा फारसा उपयोग नाही. उकळबिंदू मात्र सहा-सात अंशांनी वर जातो, आणि जुन्या गाड्यांत त्याला महत्त्व आहे. कारण आजच्या गाड्यांचं रेडिएटरचं झाकण १३-१५ पीएसआय दाब धरतं, तर जुन्या गाड्यांचं बऱ्याचदा ४ ते ७. दाब कमी म्हणजे पाणी लवकर उकळणार. उन्हाळ्यात घाट चढताना बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आठवत असतील तर हे वेगळं सांगायला नको.

तिसरा घटक, इन्हिबिटर. प्रमाण नगण्य, पण सगळा वाद त्याचाच.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होती. तिचा ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सांधे डाख देऊन, म्हणजे सोल्डरने जोडलेले. त्या काळचं सोल्डर म्हणजे मुख्यतः शिसं आणि उरलेलं कथील. थोडक्यात, एकाच पाण्यात पाच-सहा धातू बुडालेत आणि प्रत्येकाची तक्रार वेगळी. बिडाला ऑक्सिजन चालत नाही. अॅल्युमिनियमला फार आम्ल चालत नाही आणि फार अल्कलीही चालत नाही. तांबं स्वतः फारसं गंजत नाही, पण त्याचे विरघळलेले आयन जाऊन अॅल्युमिनियमवर बसतात आणि तिथे खड्डे पाडतात. सगळ्यांत दुर्लक्षित असतं ते सोल्डर. आजच्या गाड्यांचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे, डाख न देता ब्रेझ केलेले. त्यामुळे त्यांच्यासाठी कूलंट बनवणाऱ्याला शिशाची काळजी करायचं फारसं कारण उरलं नाही.

‘जुन्या गाडीला नवा कूलंट चालत नाही’ या समजुतीच्या मुळाशी हे आहे. समजूत निराधार नाही, पण ती जशी सांगितली जाते तशी बरोबरही नाही.

इन्हिबिटरची दोन मोठी घराणी आहेत. जुनं घराणं अजैविक क्षारांचं: सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट वगैरे. याला आयएटी म्हणतात. हे क्षार, विशेषतः सिलिकेट, सगळ्या पृष्ठभागावर पटकन एक थर चढवतात. भिंतीला रंग द्यावा तसा. फायदा असा की संरक्षण लगेच मिळतं. तोटा असा की थर चढवण्यातच माल संपत जातो, म्हणून दर दोन वर्षांनी कूलंट बदलायचा. नवं घराणं सेंद्रिय आम्लांच्या क्षारांचं, ओएटी. २-इथिलहेक्झानोएट, सेबॅकेट ही त्यातली नेहमीची नावं. हे रंगारी नाहीत, पहारेकरी आहेत. जिथे गंज सुरू होऊ पाहतो तिथे जाऊन बसतात. म्हणून सावकाश खर्च होतात आणि पाच वर्षं टिकतात. पण शिशाच्या सोल्डरवर त्यांची पकड आयएटीच्या मानाने कच्ची असते, आणि पंपात बुडबुड्यांच्या माऱ्याने थर निघाला तर तो पुन्हा धरायला त्यांना वेळ लागतो. दोन्हींची सरमिसळ केलेले हायब्रिडही असतात. तांब्या-पितळेसाठी टॉलिलट्रायझोलसारखे अॅझोल दोन्ही घराण्यांत घालतात, त्यामुळे तांब्याची बाजू बहुतेक वेळा सांभाळली जाते.

आणि रंग? रंग हा डाय आहे, उत्पादकाने घातलेला. हिरवा म्हणजे आयएटी आणि लाल-केशरी म्हणजे ओएटी, असा एक ढोबळ रिवाज होता, पण त्यामागे कुठलंही बंधनकारक मानक नाही. आज हिरव्या रंगाचे ओएटी सर्रास मिळतात. मिस्त्रीचा ‘हिरवाच टाका’ हा सल्ला एके काळी बरोबर उत्तर द्यायचा, कारण तेव्हा रंग आणि रसायन यांचा मेळ होता. तो मेळ तुटला, सल्ला मात्र तसाच राहिला. तुमच्या प्रपोजलमध्ये एखादी गोष्ट मोजता येत नाही म्हणून तिच्या जागी दुसरी सोपी गोष्ट मोजणार असाल, तर स्वतःला विचारा: या दोघांचा संबंध आज, माझ्या नमुन्यांत, अजून शाबूत आहे का?

आता येऊ या चाचणीकडे. डब्यावर ‘एएसटीएम डी ३३०६ नुसार’, ‘जेआयएस के २२३४’, ‘आयएस ५७५९’ असं काहीतरी छापलेलं असतं. या आकड्यांचा धाक वाटून आपण पुढचं वाचत नाही. वाचायला हवं. डी ३३०६ मध्ये गंजाची जी प्राथमिक अट आहे ती डी १३८४ नावाच्या काचेच्या भांड्यातल्या चाचणीवर उभी आहे. ही चाचणी मला मनापासून आवडते, कारण ती इतकी साधी आहे की बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेतही उभी करता येईल.

सहा धातूंच्या छोट्या पट्ट्या घ्यायच्या: तांबं, सोल्डर, पितळ, पोलाद, बीड, ओतीव अॅल्युमिनियम. पहिल्या तीन एकमेकांना विद्युतदृष्ट्या जोडलेल्या, पुढच्या तीन एकमेकांना जोडलेल्या आणि दोन गटांमध्ये इन्सुलेशन. म्हणजे एक गट रेडिएटरचा, दुसरा इंजिनचा. किती विचारपूर्वक केलंय बघा! कूलंटचं ३३ टक्के द्रावण करायचं, तेही मुद्दाम बिघडवलेल्या पाण्यात: सल्फेट, क्लोराइड आणि बायकार्बोनेट, प्रत्येकी १०० पीपीएम. तापमान ८८ अंश, सतत हवेचे बुडबुडे, ३३६ तास. म्हणजे १४ दिवस. शेवटी पट्ट्या साफ करून वजन किती घटलं ते पाहायचं. तांबं, पितळ, पोलाद, बीड यांना मर्यादा प्रत्येकी १० मिलिग्रॅम. सोल्डर आणि अॅल्युमिनियमला ३०.

सोल्डरची पट्टी शिसं ७० टक्के, कथील ३० टक्के अशी असते. म्हणजे ‘या चाचणीत जुन्या गाडीचा विचारच केलेला नाही’ असं म्हणता येणार नाही. ओएटी कूलंटसुद्धा ही मर्यादा पाळून पास होतात. मग काळजी कशाची?

एक हिशोब करू. कागद-पेन घ्या. पट्टी साधारण ५० बाय २५ मिलिमीटर, दोन्ही बाजू आणि कडा धरून २५ ते ३० चौरस सेंटिमीटर. ३० मिलिग्रॅम घट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मिलिग्रॅम. या सोल्डरची घनता ९.७ च्या आसपास. भागाकार केला की जाडीतली घट साधारण एक मायक्रॉन येते. १४ दिवसांत एक मायक्रॉन, म्हणजे हाच वेग टिकला तर वर्षाला पंचवीस-तीस मायक्रॉन. केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. सांध्यावरचं सोल्डर त्यामानाने चांगलंच जाड असतं. मग हा आकडा भीतीदायक आहे की दिलासादायक?

दोन्हीही नाही, आणि मला नेमकं तेच दाखवायचं आहे. हा आकडा तीन गृहीतकांवर उभा आहे. पहिलं, गंज सगळीकडे सारखा पसरतो. वजन फक्त एकूण घट सांगतं. तेच ३० मिलिग्रॅम एकाच खड्ड्यातून गेले तर सांधा आरपार गेला, आणि तराजूला ते कळणार नाही. दुसरं, वेग कायम राहतो. पहिल्या काही दिवसांत थर बसून वेग एकदम कमी होऊ शकतो, किंवा इन्हिबिटर संपल्यावर एकदम वाढू शकतो. १४ दिवसांच्या एका वजनातून यातलं काहीच दिसत नाही. तिसरं मला सगळ्यांत रोचक वाटतं. चाचणीतली ‘गाडी’ सतत चालू आहे. आमच्या गृहस्थांची पद्मिनी रविवारी तासभर फिरते. दर आठवड्याला एक तास धरला तर ३३६ तास व्हायला सहा वर्षांहून जास्त लागतील! म्हणजे काळजी मिटली? उलट. उरलेला सगळा वेळ ती थंड आणि स्थिर उभी असते. वरच्या टाकीत हवा, खाली गाळ, इन्हिबिटर ढवळलं जात नाही. तेव्हाचा गंज या चाचणीत मोजलेलाच नाही.

चाचणी वाईट आहे असा याचा अर्थ काढू नका. ती चाळणी आहे. नापास झाला तो कूलंट तिथेच बाद करायचा. पास झाला त्याला पुढे पाठवायचं, डी २५७० सारख्या चाचणीकडे, जिथे खरा रेडिएटर आणि खरा वॉटर पंप जोडून १०६४ तास चालवतात, आणि मग खऱ्या गाड्यांकडे. ‘पास झाला म्हणजे सेफ’ असं चाचणी लिहिणाऱ्यांचं म्हणणंच नाही. ते आपण डब्यासमोर उभं राहून म्हणतो.

आता दुसऱ्या टोकाचा पुरावा, म्हणजे लोकांचे अनुभव. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघाने ओएटी वापरू नका, आयएटीच वापरा, असा सल्ला सदस्यांना दिला होता. त्यामागे गळतीच्या आणि खराब झालेल्या सील-सांध्यांच्या तक्रारी होत्या. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९०च्या दशकाच्या मध्यावर डेक्स-कूल हा केशरी ओएटी आणला, तेव्हा तर नव्या गाड्यांतही तपकिरी गाळ आणि गॅस्केट खराब होण्याच्या तक्रारी झाल्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००८ मध्ये तडजोड झाली. हे अनुभव खोटे म्हणून उडवून लावता येत नाहीत. पण त्यांतून कारण शोधणं सोपं नाही.

विचार करा. तीस वर्षं नळाच्या पाण्यावर चाललेली गाडी. मालक एके दिवशी ठरवतो, आता चांगला कूलंट टाकू. रेडिएटर फ्लश करतो, जुने होज पाइप काढतो-घालतो, नवा कूलंट भरतो. पंधरा दिवसांत सांध्याखाली थेंब. कूलंटने सोल्डर खाल्लं? शक्य आहे. फ्लशच्या आम्लाने तीस वर्षांचा क्षार उकरला, जो खरं तर भोकं बुजवून बसला होता? हेही शक्य आहे. होज ओढताना सांध्यावर ताण आला? असेल. शिवाय ग्लायकॉल पाण्यापेक्षा सहज पाझरतं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, शुद्ध ग्लायकॉलचा सुमारे ४८. जिथून पाणी बाहेर आलं तरी वाळून जायचं आणि दिसायचं नाही, तिथे आता रंगीत ओघळ दिसतो. गळती झाली की गळती दिसू लागली? चार बदल एकाच दिवशी केले तर कुणाचं पाप कुणाच्या माथी ते गाडी सांगत नाही. डेक्स-कूलच्या वादातही हाच पेच होता: रसायन दोषी, की पातळी कमी झाल्याने आत शिरलेली हवा, की गॅस्केटची रचना.

(व्हायवात असा प्रश्न आला तर ‘कंट्रोल घेतला होता’ एवढ्याने भागत नाही, कशाचा कंट्रोल ते सांगावं लागतं.)

मोजमापाचा आणखी एक सापळा आहे, तो लवकर सांगतो. कूलंट किती आम्ल पचवू शकतो हे बघायला राखीव अल्कलिनिटी मोजतात: १० मिलिलिटर नमुना, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, पीएच ५.५ होईपर्यंत टायट्रेशन. आयएटीच्या काळात जास्त आकडा म्हणजे चांगला कूलंट, असं सरळ वाचता यायचं, कारण बोरेट-फॉस्फेट बफरचं काम करायचे. ओएटीचा आकडा मुळातच कमी असतो आणि तरी तो बिडाचं संरक्षण करतो. आकडा तोच, पद्धत तीच, पण पट्टी एका घराण्यासाठी आखलेली आणि मोजतोय दुसऱ्याला. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये जुन्या आणि नव्या पेपरमधले आकडे एकाच तक्त्यात शेजारी ठेवताना हे लक्षात ठेवा.

आणि पाणी! कूलंटचा कॉन्सन्ट्रेट आणून त्यात बोअरचं पाणी मिसळलं, की डब्यावरच्या सगळ्या दाव्यांवर पाणी. दख्खनच्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यातलं कॅल्शियम फॉस्फेटशी मिळून खपल्या धरतं, आणि सिलिकेटचंही नुकसान करतं. युरोपातल्या उत्पादकांनी जड पाण्याच्या धास्तीने फॉस्फेट टाळलं; जपान्यांनी पंपाच्या सीलची काळजी करत सिलिकेट टाळून फॉस्फेट ठेवलं. म्हणजे ‘चांगला कूलंट’ देशागणिक वेगळा ठरला, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. डी १३८४ च्या बिघडवलेल्या पाण्यात कॅल्शियम नसतंच, तिन्ही क्षार सोडियमचे असतात. त्यामुळे या चाचणीतला निकाल आपल्या बोअरला लावता येत नाही.

तर मूळ प्रश्न आता असा झाला: शिसं ७० टक्के असलेलं सोल्डर, बीड आणि अॅल्युमिनियम एकत्र असताना, आठवड्यातून तासभर चालणाऱ्या आणि बाकी वेळ हवेच्या संपर्कात स्थिर उभ्या असणाऱ्या प्रणालीत, शुद्ध पाण्यात बनवलेल्या आयएटी आणि ओएटी द्रावणांत दोन वर्षांत सोल्डरवर खड्डे किती खोल पडतात? लांबलचक आहे, कबूल. पण यावर काम करता येतं. कुणाला एम.टेक.चा विषय हवा असेल तर घ्या.

गृहस्थांना मात्र दोन वर्षं थांबवता येत नव्हतं. त्यांना मी असं सांगितलं: सिलिकेट असलेला आयएटी घ्या, निम्मं ते तृतीयांश प्रमाण ठेवा, पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्या, आणि दोन वर्षांनी न विसरता बदला, तारीख झाकणाजवळ चिकटवून ठेवा. आम्लाने फ्लश करू नका, नुसतं पाणी सोडून धुवा. पहिला महिना दर रविवारी सांधे कोरड्या फडक्याने पुसून बघा. साधं पाणी नको, कारण त्यात बिडाला काहीच संरक्षण नाही. याचं कारण ‘ओएटीने रेडिएटर जातोच’ हे नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नव्हता. कारण असं, की आयएटीचा तोटा फक्त दोन वर्षांनी बदलण्याचा खर्च आहे, आणि ओएटीचा संभाव्य तोटा न मिळणारा रेडिएटर. पुरावा अपुरा असताना चुकीची किंमत बघून निर्णय घेता येतो. ज्यांच्या गाडीत ओएटी चार-पाच वर्षं बिनतक्रार आहे, त्यांनी घाबरून उद्याच काढायची गरज नाही. दोन प्रकार एकमेकांत ओतू नका म्हणजे झालं.

डब्यावर आयएटी की ओएटी लिहिलेलं नसतं, ही खरी अडचण. तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावरून सेफ्टी डेटा शीट उतरवून घटकांचा तक्ता बघा. इथिलहेक्झानोएट दिसलं तर ओएटी किंवा हायब्रिड. बोरॅक्स किंवा नायट्राइट दिसलं तर बहुधा आयएटी. ही शीट गंजाबद्दल सांगायला लिहिलेलीच नसते. विषारी घटक जाहीर करणं बंधनकारक म्हणून ते त्यात येतात, आणि आपलं काम होतं. न दिसलेला घटक ‘नाही’ असं मात्र त्यातून म्हणता येत नाही.

विषाचं निघालंच आहे म्हणून. इतका वेळ आपण ‘सेफ’ म्हणजे धातूला सेफ असंच धरलं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, आणि शरीरात त्याचं ग्लायकॉलिक व ऑक्झॅलिक आम्ल होतं. मूत्रपिंडं निकामी होतात. प्रौढ माणसाला शंभरेक मिलिलिटर शुद्ध ग्लायकॉल जिवावर बेतू शकतं, लहान मुलाला काही घोटच. कुत्री-मांजरं जमिनीवर सांडलेलं चाटतात. जुन्या रेडिएटरमधून काढलेल्या कूलंटमध्ये तर शिसंही उतरलेलं असतं. तो पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका, गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा आणि वापरलेलं ऑइल नीट गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून त्यांच्याकडे द्या. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि डबा सोबत न्या. यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.